तांबड्या ताऱ्याचं वजन

माझ्या प्रबंधाचा तिसरा भाग एका फुगलेल्या, म्हाताऱ्या तांबड्या ताऱ्यावर होता. असा तारा सतत किंचित थरथरतो. उजेडाच्या चढउतारातून ती थरथर मोजायची आणि संगणकावर तशीच थरथरणारी प्रतिकृती बनवायची. जुळली, की ताऱ्याच्या पोटात काय चाललंय ते कळतं. महिनाअखेरीस हा भाग दिला नाही, तर माझी पीएचडीची नोंदणी रद्द होणार होती.

दिलसुखनगरच्या क्लासमध्ये सहा वर्षं फिजिक्स शिकवून मी इथवर आले होते. माझे मार्गदर्शक पुण्याचे, कधीही आवाज न चढवणारे. एकदा भर सेमिनारमध्ये ते म्हणाले, "आमच्या बाई ताऱ्याशीही भाव करतात." सगळे हसले. मी ते विसरलेले नाही. विसरायचा विचारही नाही.

ताऱ्याचं वजन मी सूर्याच्या दीडपट धरत होते, सर सूर्याएवढंच.

"अहो, इतका जड नाही तो."

"तुम्ही उचलून पाहिलाय का, सर?" मी आमच्या दिलसुखनगरच्या दख्खनी उर्दूत ओरडले.

"बरं, सव्वापट घ्या. मिटवा."

मी मिटवलं. वरच्या थरांची थरथर छान जुळली, पण गाभ्यापर्यंत जाऊन येणाऱ्या लहरी काही केल्या जुळेनात. गाभ्यातलं हेलियम कमी करून पाहिलं, वाढवून पाहिलं. तीन आठवडे गेले.

शेवटी स्वतःचीच इनपुट फाइल पहिल्या ओळीपासून वाचली. फुगताना तारा बाहेरचा वायू सोडत जातो. तो किती, या रकान्यात मी शून्य भरलं होतं. कमावलेलं कुणी असं टाकून देईल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

शून्य काढून खरा आकडा भरला. सव्वापट वजनानं जन्मलेला तारा वायू सोडत आज जवळपास सूर्याएवढा झाला आणि गाभा जुळला.

मी सरांच्या खोलीत गेले. "तुमचं वजन बरोबर होतं. मग सव्वापट कशाला म्हणालात?"

"तुम्ही दख्खनीत इतक्या ओरडत होतात, मला वाटलं पुरावा असेल."

"पुरावा नव्हता. मी ओरडतेच."

"हं," म्हणत त्यांनी मी पुढे केलेल्या मुदतवाढीच्या अर्जावर सही केली.

नव्यानं लिहिलेल्या तिसऱ्या भागात शून्याची चूक माझी आणि वजनाचा अंदाज सरांचा, असं स्पष्ट लिहिलं. सरांनी दोन्ही वाक्यं वाचली, काहीच न खोडता भाग पुढे पाठवला.