एका शेअरची मालकीण

वय वाढलं की राग निवळतो म्हणतात. ताईंना हे कुणी सांगितलेलं नसावं.

सगळा कारखाना त्यांना ताई म्हणे, कारण मालक म्हणे. मालक त्यांचा धाकटा भाऊ, कारखाना बिजागऱ्यांचा. कंपनी काढायला कायद्याने दोन माणसं लागतात, म्हणून दहा हजारांतला एक शेअर त्याने बहिणीच्या नावावर केला. "नावापुरता गं," तो म्हणाला होता.

त्या नावापुरत्या बाईने अठ्ठावीस वर्षं त्याचं ऑफिस चालवलं. भागधारकांची वार्षिक सभा मात्र कधी भरलीच नाही. ताई गेल्या वर्षीचं इतिवृत्त समोर ठेवत, तारीख बदलत, 'हजर: दोन्ही सभासद' असं टाइप करत आणि भाऊ चहा पिता पिता सही ठोके.

मग भावाच्या सुनेला ऑफिस हवंसं वाटलं. ताई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होत्या, तेवढ्यात टेबल रिकामं झालं. डोळ्यावर पट्टी घेऊन त्या परतल्या, तर त्यांची खुर्ची फाटकावर, वॉचमनच्या बुडाखाली. तो बिचारा ताडकन उठला. भाऊ मात्र केबिनबाहेरही आला नाही. हॉस्पिटलातही फिरकला नव्हता. ताई तशाच चालत घरी गेल्या.

दोन वर्षांनी मी यात शिरलो. एक बडी कंपनी कारखाना विकत घेणार होती, तिचा मी वकील. अट एकच: सगळेच्या सगळे शेअर हवेत. भाऊ निर्धास्त होता. "ताई ना? देईल सही."

ताईंनी मला पाणी दिलं, करार बाजूला सारला आणि भिंग काढलं. "विक्री ठरली त्या सभेचं इतिवृत्त असेल ना?"

होतं, दोन वर्षांपूर्वीचं. त्याच सभेत ताईंना कामावरून कमी केल्याचाही ठराव होता. त्यांनी वरच्या ओळीवर बोट ठेवलं. हजर: दोन्ही सभासद. सुनेने जुना कागद उतरवून काढताना फक्त तारीख बदलली होती. ताईंनी शेजारी हॉस्पिटलचा कागद ठेवला. तीच तारीख, ऑपरेशनची.

"दोघांशिवाय सभा होत नाही, आणि दोघांच्या संमतीशिवाय नवा सभासद घेता येत नाही. नियमावली मीच टाइप केलीय."

मी करार मिटला. "काय हवंय तुम्हाला?"

"त्याने सभा भरवावी. खरीखुरी. आणि तो ठराव माझ्या तोंडावर वाचावा."

"मग सही कराल?"

"वाचू दे तर आधी."

सभेच्या दिवशी ताईंनी फाटकावरून आपली खुर्ची आत आणवली. भाऊ वाचू लागला, "वयोमानामुळे कामास अयोग्य..." आणि अडखळला.

"मोठ्याने," ताई म्हणाल्या.

"ताई, पुरे कर ना आता."

"सभेत ताई नसते. सभासद म्हण."

त्याने शेवटपर्यंत वाचलं. सून नखं कुरतडत होती. ताईंनी विरोधात मत दिलं. एका मताने ठराव पडणार नव्हता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी विक्रीचा करार पुढे सरकवला. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"माझा शेअर विकायचा नाही."

"सूड घेतेयस माझ्यावर?" भाऊ ओरडला.

"हो," ताई म्हणाल्या.

सौदा फिसकटला, माझी फीही बुडाली. तरी खरं सांगतो, मला मनातून बरं वाटलं.

तेव्हापासून भावाला दरवर्षी रीतसर नोटीस धाडावी लागते. ताई येतात, त्याच खुर्चीत बसतात, इतिवृत्त भिंगाखाली धरून ओळ न् ओळ वाचतात. तो समोर बसून असतो. उठून जायची सोय नाही, दोघं लागतात.

गेल्या वर्षी तो हॉस्पिटलात होता. नोटिशीत सभेची जागा म्हणून त्याने तिथल्या खोलीचा नंबर घातला. पुढचं मला वॉचमनने सांगितलं, खुर्ची तोच घेऊन गेला होता. ताई दारात दिसताच भावाचे डोळे भरून आले.

"मला बघायला आलीस ना, ताई?"

ताईंनी खुर्ची पलंगाजवळ ओढली, भिंग काढलं.

"सभेला आलेय. वाच."