खडू समद्यांच्या हातात

फळ्यावर खडू टेकवायच्या आधी पेंटरचाचा मागं वळायचे आणि बातमी आणणाऱ्याला विचारायचे, "घरात समद्यांस्नी कळलं का?" "व्हय" आलं, तरच खडू चालायचा.

विट्याच्या चौकात तो फळा होता. लग्न, मयत, हरवलेली म्हैस, नळाचं पाणी, सगळं त्यावर. चाचा दिवसभर दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि सकाळी हे काम फुकट करायचे. अक्षर असं, की वाचून झालं तरी माणसं हलायची नाहीत. तुमच्याही गावात असा कुणी असेल, बघा आठवून.

मी तेव्हा नुकताच कंप्युटरचा क्लास काढला होता. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला, आणि हे मी न विचारता सांगायचो. म्हणून चाचा मला "ग्रॅज्युएट" म्हणायचे.

नव्वदचं दशक संपता संपता इंटरनेटवर एक नवी सोय आली, ईमेलचा गट. एकानं लिहिलं की गटातल्या सगळ्यांना एकदम पोचायचं. सोनं वितळवून शुद्ध करायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात आमच्या भागातली माणसं देशभर पांगलेली. त्यांच्यातले आणि त्यांच्या ओळखीतले पंधरा-वीस जण मी जमवले.

चाचा बघायला आले. दारात चपला काढल्या, बोटांचा रंग पायजम्याला पुसला आणि फोनची लाईन किरकिरत लागेपर्यंत बसून राहिले.

"हे आत्ता कोण वाचतंय?"

"कुणीही. हुबळी, हैदराबाद, केरळ."

"वाचणाऱ्याचं तोंड दिसतंय का?"

"नाही."

"मग कुठं थांबायचं, हे तुला कसं कळतं रं?"

मी हसलो. चाचांनी पडद्याकडं बोट केलं. "माझाच फळा हाय की. फकस्त खडू समद्यांच्या हातात."

मग रोजच यायला लागले. केरळातल्या एकानं जेवणात काय खाल्लं ते लिहिलं होतं. "हे मी चौकात लिवलं असतं तर येड्यात काढलं असतं मला," म्हणाले. दुसऱ्या दिवशी चपला काढता काढताच विचारलं, "आज काय खाल्लं त्यानं?"

एके सकाळी आमच्या गल्लीतली एक म्हातारी वारली. तिचा एकुलता मुलगा हुबळीला गलाईच्या दुकानात. मी दहा मिनिटांत बातमी गटावर टाकली. सगळ्यांच्या आधी, याचा आनंदच होता मला. चौकात गेलो तर फळा कोरा.

"चाचा, लिहिलं नाही अजून?"

"पोरगं गाडीत बसायचंय. आई शिरेस हाय, निघ, एवढंच कळवलंय घरच्यांनी. एकट्यानं एवढा रस्ता कसा काढंल?"

"मी तर टाकलं गटावर."

चाचा पायरीवर बसले. ओरडले नाहीत. "हुबळीत कोण वाचतं?"

एकच जण, माझा कॉलेजातला मित्र. गटावर गेलेलं परत घेता येत नव्हतं. एसटीडी बूथवरून फोन लावला. मित्र म्हणाला, "वाचलं आत्ताच. त्याच्याकडंच निघालोय, चपला घालतोय."

चाचांनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. "जा बाळा. पर सांगू नगंस. त्याच्यासंगं गाडीत बस आन् हितं घिऊन ये."

दुपार कलल्यावर दोघं विट्याच्या स्टँडवर उतरले. दोन्ही पिशव्या मित्राच्या खांद्यावर. चाचा धुतलेला सदरा घालून तासभर उभे होते. त्यांनी मुलाचा हात धरला. "गेली रं आई."

"ठावं हाय चाचा," तो म्हणाला. "कोल्हापुरात ह्यानं माझा चहा फुंकून दिला, तवाच कळलं."

"मग इचारलं न्हाईस?"

"इचारलं असतं तर हितवर आलो नसतो."

चाचांनी मित्राच्या खांद्यावरची एक पिशवी घेतली, आणि मुलाला मधे घालून तिघं गल्लीकडं चालू लागले. मी मागून.

ती बातमी मी टाकली होती, हे चाचांनी त्या मुलाला कधी सांगितलं नाही. मित्रानंही नाही. दोन वर्षांनी चाचा गेले. त्यांच्या मयतीत तो मुलगा माझ्या शेजारी उभा होता. तेव्हा मी त्याला सांगितलं.