उजेडाचं भाडं

बोलायला सुरुवात करण्याआधी ते चष्मा काढायचे आणि शर्टाच्या टोकाने पुसायचे. दुकानात चष्मे पुसायच्या मऊ फडक्यांचा गठ्ठा असायचा, पण स्वतःच्या चष्म्याला शर्टच. पुसून झाला की तो नाकावर चढवत म्हणायचे, "सगळ्यांनी मिळून केलं तर होईल की हो."

मस्कतमधल्या वादी अदाईतल्या आमच्या गल्लीत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. समोरच्या औषधांच्या दुकानात मी फार्मासिस्ट म्हणून नोकरीला. मी ठाण्याचा, ते संगमेश्वरकडचे. गल्लीत त्यांना सगळे चष्मेवाले म्हणायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, सोसायटीचा पंप बिघडला की ज्याला स्वतःलाच ताप भरतो. हे तसे होते.

गल्लीला तेव्हा उतरती कळा लागली होती. अमरातच्या रस्त्याला मोठं हायपरमार्केट झालं आणि लोक गाडी घेऊन परस्पर तिकडे जायला लागले. आमच्याकडे गाडी लावायला जागा नाही, निम्मे दिवे बंद, आणि डोंगरात पाऊस झाला की वाहून आलेला गाळ कितीतरी दिवस दारात. संध्याकाळी धंद्याच्या ऐन वेळेला दुकानदार पायरीवर बसून मोबाईल बघायचे.

त्यांचा एक पुतण्या कॅनडात असतो. त्याने फोनवर सांगितलं, की तिकडे एका रस्त्यावरचे दुकानदार एकत्र येऊन मंडळ करतात, प्रत्येकजण ठरलेला वाटा भरतो आणि त्यातून रस्ता सुधारतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाले माझ्या काउंटरपाशी हजर. शर्टाचं टोक आधीच हातात.

"आपण का नाही करायचं?" ते म्हणाले.

पहिली बैठक त्यांच्याच दुकानात झाली. ते कळकळीने बोलत होते आणि निम्मे लोक भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्याची अक्षरं लावत बसले होते. केरळच्या किराणावाल्याला खालच्या दोन ओळी दिसेनात. बैठकीत ठरलं काहीच नाही, पण त्याचा चष्मा मात्र ठरला. त्यावर चष्मेवाले स्वतःच खूप हसले.

मग ते सरकारी कचेरीत चौकशीला गेले. तिथल्या साहेबांनी नीट बसवून समजावलं, की बाहेरच्या माणसाने परवानगीशिवाय असे पैसे गोळा केले तर तो गुन्हा होतो. जागेचा मालक पुढे आला, त्याने रीतसर अर्ज केला, तर बघता येईल.

गल्लीतली बहुतेक दुकानं एका म्हाताऱ्या ओमानी अर्बाबांची, म्हणजे मालकांची, होती. चष्मेवाले मला घेऊन त्यांच्याकडे गेले. खजूर आणि काहवा पुढे आला. चष्मेवाल्यांनी आपल्या मोडक्या हिंदीत सगळं मांडलं आणि शेवटी म्हणाले, "अर्बाब, आपका गल्लीका कीमत बढ़ेगा."

म्हातारे हसले. "मेरा कीमत अब क्या बढ़ेगा?" मग बराच वेळ जपमाळ ओढत राहिले आणि म्हणाले, "करो. आधा मैं देगा."

परत येताना चष्मेवाले गाडीत नुसते काचेबाहेर बघत होते. एवढा सुखी माणूस मी जवळून क्वचितच पाहिलाय.

अर्बाबांच्या नावाने मंडळ झालं. वाटा उभा करताना चष्मेवाल्यांच्या चपला झिजल्या. गल्लीच्या पार टोकाला सियालकोटचा एक न्हावी होता. अंधारात त्याचं दुकान दिसायचंही नाही. तो म्हणायचा, "सेठ, मेरे पास तो पुराने गाहक आते हैं, मुझे छोड़ दो." हे त्याला सोडायचे नाहीत. ज्या महिन्यात त्याला जमायचं नाही, त्या महिन्याचा त्याचा वाटा हेच गुपचूप भरायचे. "टोकाला उजेड नसेल तर लोक अर्ध्यातून परत जातात," मला म्हणायचे.

वर कापडी छत आलं. दिवे आले. गाळ वाहून जायला गटार झालं, गाड्यांसाठी रेघा मारल्या. त्या हिवाळ्यात अमरातकडे जाणारी कुटुंबं आमच्याकडे थांबायला लागली. आयाबाया शिंप्याकडे कापड टाकायच्या, पोरं शोर्मा खात फिरायची. चष्मेवाले दुकान सोडून गल्लीच्या मधोमध उभे राहायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, जरा वारा खातोय." वारा अजिबात नसायचा.

पुढच्या उन्हाळ्यात अर्बाब गेले. दुकानं मुलाकडे आली. करार संपत आले तसं एकेकाला नवं भाडं कळायला लागलं. कोणाचं दीडपट, कोणाचं त्याहून जास्त.

पहिला उठला तो न्हावी. जायच्या दिवशी तो चष्मेवाल्यांच्या दुकानात आला. मी तिथेच होतो. त्याने हात मिळवला. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"सेठ," तो म्हणाला, "अंधेरे में किराया दे पाता था."

चष्मेवाले उभेच राहिले. तो गेल्यावर मी पाणी दिलं ते हातात धरून ठेवलं.

दोन दिवसांनी आम्ही मुलाच्या ऑफिसात गेलो. चाळिशीचा, शिकलेला, अदबीने वागणारा माणूस. चष्मेवाल्यांनी हात जोडले. थोडं थांबा म्हणाले, लोक आत्ता कुठे उभे राहतायत म्हणाले. मुलाने सगळं ऐकून घेतलं.

"अंकल," तो शांतपणे हिंदीत म्हणाला, "तुम्हीच माझ्या वडिलांना सांगितलं होतं ना, गल्लीची किंमत वाढेल म्हणून? वाढली. तुमचं खरं झालं."

त्याला टोमणा मारायचा नव्हता, हे मी आजही सांगेन. तो खरोखर त्यांचं कौतुक करत होता.

त्यानंतर मंडळ उरलं नाही. वाटा कोणी देईना. किराणावाला, ज्याचा चष्मा पहिल्या बैठकीत ठरला होता, तो हे समोरून गेले तरी मान वर करेना. शिंप्याने एकदा सगळ्यांदेखत विचारलं, "हमने लाइट माँगा था?" चष्मेवाले माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी माझ्या दुकानाकडे वळलो.

त्यांचाही करार संपला. नवं भाडं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. दुसरीकडे जागा बघा, मी म्हटलं, रुवीत बघा, मी येतो बरोबर. ते नुसती मान हलवायचे. दुकान गेलं, मग व्हिसाही गेला. फ्रेमा आणि कपाटं एका मोठ्या दुकानसाखळीने उचलली. विमानतळावर सोडायला मी गेलो होतो. ट्रॉली ढकलता ढकलता त्यांनी विचारलं, "मी गप्प बसलो असतो तर सगळे राहिले असते ना हो?"

"हळूहळू तसेही बंदच पडले असते," मी म्हणालो.

"हळूहळू," ते म्हणाले, आणि आत गेले.

माझं दुकान मोठ्या कंपनीचं, त्यामुळे ते राहिलं. न्हाव्याच्या जागी आता काचेचं कॉफी शॉप आहे. संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही. जुन्यांपैकी समोर कोणीच नाही. गल्ली सुरेख दिसते, आणि मी शक्यतो मान खाली घालून काम करतो.

परवा त्यांना गावी फोन लावला. वहिनींनी उचलला.

"अंगणात बसलेत," त्या म्हणाल्या. "थांबा, देते."

त्यांनी हाक मारलेली मला ऐकू आली. माझं नाव सांगितलेलंही ऐकू आलं. थोड्या वेळाने त्याच फोनवर आल्या.

"नको म्हणतात. भाऊजी, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. कोणाशीच बोलत नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "इथल्या बाजारपेठेतले लोक आले होते, कमिटी करतायत, तुम्ही या म्हणून. हे उठून आतल्या खोलीत गेले. लोक ओटीवर बसून राहिले, आणि यांनी आतून कडी लावून घेतली."