तांतीची बॅट

निजामाच्या राज्यात आमच्या गावात साहेब लोकांचा एक क्लब होता. क्लब म्हटलं की तुम्हाला वाटंल केवढी मोठी इमारत असंल. तसं काही न्हाय. दोन खोल्या, पुढं व्हरांडा आणि मागं चुन्याच्या रेघा मारलेलं मैदान. आमचे मालक तिथं शिपाई. एरवी क्लब पुरुषांचा, पण जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, दुपारपासनं बायकांचा. त्याला जनाना म्हणायचे. जनान्याच्या वेळी एकही बाप्या आत नको, असा कायदा. मग पाणी कोण भरणार, चहा कोण करणार? म्हणून मला ठेवली.

आधी मैदानाभोवती कनात बांधायची, म्हणजे डोक्याच्याही वर जाणारा जाड कापडाचा पडदा. मग मातीवर पाणी शिंपडायचं, बुरखे आणि चपला जिच्या तिला ओळखून द्यायच्या, आणि पिसांचं फूल कनातीपल्याड गेलं की पळत जाऊन आणायचं. बॅडमिंटनच्या त्या फुलानं मला येडं केलं होतं. वर जाताना एवढं जोरात जातं, मग खाली येताना असं हळू का येतं? मी मालकांना विचारलं, तर म्हणाले, "तुला चहा करायला ठेवलंय का फुलामागं डोकं लावायला?" ते कोडं मला आजून सुटलेलं न्हाय.

खेळायला यायच्या त्या बहुतेक साहेबांच्याच बायका. मोठ्या साहेबांच्या बेगमसाहेबा त्यांच्यात पुढारी. एकच आमच्या पेठेतली, कापडाच्या दुकानदाराची सून, लिंगायताची. सासूबरोबर बंगल्यावर कापड दाखवायला गेली होती, तिथं बेगमसाहेबांनी तिला हेरली. मोठ्या घरचं बोलावणं, नको कोण म्हणणार? लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली असतील. पदर कमरेला खोचून अशी पळायची की बघत राहावं. एकदा चपला घालता घालता मला म्हणाली, "अक्का, दुकानामागच्या दोन खोल्यांत कुठं पळायचं हो? इथंच काय ते पाय मोकळे होतात."

एका जुमेरातीला तिची सासू स्वतः बघायला आली. सगळी पेठ तिला अव्वा म्हणायची. कपाळभर इभूत, नजर अशी की नारळ आतनं नासका हाय का चांगला, हे बाहेरनंच सांगावं. येऊन माझ्या शेगडीपाशी बसली. बॅटीची तुटलेली एक दोरी खाली पडली होती. अव्वानं ती उचलली, बोटांत फिरवली, उन्हाला धरली.

"कशाची गं ही?"

मी तोंड उघडायच्या आत तिनं दोरीचं टोक निखाऱ्यावर धरलं. चर्र झालं आणि केस जळल्यावानी वास सुटला. मला तर लगेच कळलं. माझ्या माहेरी घोंगड्या विणायचे. लोकर पिंजायच्या कमानीला अशीच दोरी असायची, मेंढीच्या आतड्याची. तिला तांत म्हणतात. पण ह्या बॅटींतसुद्धा तांतच ओवतात, हे माझ्या ध्यानात आलंच नव्हतं.

"अय्यो शिवा! आतडं हाय हे!" अव्वा उठलीच. "ए पोरी, टाक ती बॅट! ज्या तळहातावर लिंग ठेवून पूजा करतीस, त्या हातात आतडं?"

सून जागच्या जागी थिजली. बेगमसाहेबा हसून म्हणाल्या, "अम्मा, पूजा तो बाएँ हाथ पे करते ना? ये तो दाएँ से खेलती."

"दोन्ही हात एकाच अंगाचे हायत, बेगमसाहेब."

"और वो फूल? उसमें भी तो पर हैं."

अव्वानं जरा इचार केला. "पीस पाखरू आपनहून टाकतं. आतडं कोण टाकतंय?"

सुनेनं बॅट खाली ठेवली आणि डोक्यावर पदर घेतला. जाताना अव्वा म्हणाली, "झालं तेवढं पुरं. आता यायचं न्हाय."

माझ्या डोक्यातनं ते जाईना. तांत नको तर दुसरं काय? बेगमसाहेबांना विचारून मी खोलीतली दोऱ्या तुटलेली एक बॅट घरी आणली. सुताचा दोरा पीळ देऊन ओवला, तर बॅट बाजेसारखी ढिली. फूल तिच्यात बसूनच राहायचं. मग मला माहेरी घोंगडीला चोपडायचे ती चिंचोक्याची खळ आठवली. चिंचोके भाजले, फोलं काढली, दळून शिजवले. दोरा भिजवून दोन कडुलिंबांच्या मधी ताणून बांधला, वरनं खळ चोपडली आणि उन्हात वाळू दिला. वाळल्यावर दोरा काडीसारखा झाला. मालकांनी दाभणानं तो बॅटीत ओवला. कुरकुरत का होईना, पण ओवला.

मी बॅट पदराखाली घेऊन पेठेत गेले. दुकानामागं चुलीपाशी अव्वा तांदूळ निवडत बसली होती. सून दारातच उभी.

"अव्वा, ह्यात जनावर न्हाय," मी म्हणाले. "पारखून घ्या."

अव्वानं लोंबणारं टोक तोडलं आणि चुलीत धरलं. वास घेतला, मग पुन्हा घेतला. "चिंधी जळल्यावानी येतोय." मग नखानं खळ खरवडून जिभेवर ठेवली. "चिंचोका?"

"व्हय."

"मीठ न्हाय घातलं?"

सून तोंडाला पदर लावून हसली. अव्वानं तिच्याकडं बघितलं. कितीतरी दिवसांनी ती हसताना दिसली असावी.

"जा. दिवेलागणीच्या आत घरी. आणि त्या बेगमेसमोर हरून येऊ नको."

पुढच्या जुमेरातीला ती हरली. बेगमसाहेबांची तांत टणटण वाजायची आणि हिची बॅट टप्प, टप्प. "ये तो पापड़ के जैसा बजता!" म्हणत त्या हसून हसून लाल झाल्या. सून मात्र या टोकापासनं त्या टोकापर्यंत पळत होती. आणि सोबतीला म्हणून आलेली अव्वा शेगडीपाशी गुडघ्यावर उठून ओरडत होती, "अगं मागं! मागं बघ, मागं पडतंय ते!"