बंद शटरमागची चटणी

ती केस आठवली की आजही डोकं उठतं, आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच असतो.

तेव्हा मी अंधेरी पूर्वेला एका पोलीस ठाण्याचा सीनियर इन्स्पेक्टर होतो. मरोळ गावठाणातली एक आंटी औद्योगिक वसाहतीतल्या ऑफिसांना चटणी सँडविच पुरवायची. एका खासगी प्रयोगशाळेनं आणि मुलुंडच्या एका कॉलेजनं मिळून खाद्यसुरक्षेवर शोधनिबंध छापला. त्यात तिच्या चटणीत घातक जंतू सापडल्याचं आलं. ऑर्डरी गेल्या, गाळ्याला टाळं लागलं. आंटीनं तक्रार दिली, "माझ्याकडे नमुना न्यायला कुणी आलंच नाय, साहेब!"

असं सगळेच म्हणतात, असं मनात म्हणत मी दोघा संशोधकांना बोलावलं.

"नमुना कुणी आणला?"

"कॉलेजनं. आम्ही फक्त तपासणी केली," प्रयोगशाळेचे डॉक्टर म्हणाले.

"छे! नमुने त्यांचे. आम्ही फक्त निष्कर्ष लिहिले," प्राध्यापक म्हणाले.

निबंधावर नावं मात्र दोघांची, पेपरातल्या फोटोतही दोघं खांद्याला खांदा लावून. कित्येक दिवस ही टोलवाटोलवी चालली. यांच्यापेक्षा खिसेकापू परवडले. शेवटी प्राध्यापक कंटाळून म्हणाले, "बरं, मी स्वतः आणला. लिहून घ्या."

मी खूश! जबाब घेतला आणि बाकावर रोज येऊन बसणाऱ्या आंटीवरच खेकसलो. प्रयोगशाळेच्या अहवालातली नमुना घेतल्याची तारीख वाचून दाखवली. सकाळची वेळ, चालू स्वयंपाकघर. तोवर तो अहवाल तिला वाचून दाखवायचं मला सुचलंच नव्हतं.

आंटीनं कपाळावर हात मारला. "त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या क्रुसाचा सण! मांडव माझ्या शटरला लागून. सणाला मी गाळा उघडतच नाय. आणि बंदोबस्ताला त्याच शटरला पाठ टेकून कोण बसलेलं? सणाला तळलेले माझे मैद्याचे फुगे कोणी खाल्ले? परत मागून?"

ठाणे अंमलदार खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाला.

मी प्राध्यापकांना परत बोलावलं. "नमुना घ्यायला गेलात, तेव्हा शटरपुढं कोण होतं?"

"कोणी नव्हतं. शटर उघडं होतं."

"मी होतो हो! दुपारपर्यंत!"

मग सगळं बाहेर आलं. एक नमुना कमी पडत होता. हा म्हणे तो आणेल, तो म्हणे हा आणेल. छापायची घाई होती, म्हणून दुसऱ्या दुकानाचे आकडे थोडे फिरवून आंटीच्या नावावर घातले. दोघांनाही ठाऊक होतं.

गुन्हा दाखल झाला, निबंध मागे घेतला गेला, गाळा उघडला. साक्षीदार म्हणून माझाच जबाब घेताना तरुण सबइन्स्पेक्टरनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "साहेब, फुगे किती लिहू?"

त्यानंतर कागदावर दोन सह्या दिसल्या की मी दोघांना वेगवेगळं बसवून एकच विचारायचो: तू स्वतः तिथं गेला होतास का?

आंटीची जुनी गिऱ्हाइकं सगळी परतली नाहीत. निबंध मागे घेतल्याची बातमी कुणी वाचतं का? तिच्या गाळ्यावर गेलो की ती सँडविच पुढं करते आणि म्हणते, "खा, साहेब. आणि कुठं खाल्लं ते लक्षात ठेवा."