कावळ्याची वाट

चौऱ्याऐंशी साली माझ्या सासूच्या, सगुणाच्या, उजव्या हाताची नस दबली आणि मनगट लोंबायला लागलं. मालाडच्या बाजारात तीस वर्षं मासे कापणारी बाई! आता कापायला मी बसायचे, ती नुसती शेजारी.

दोन महिने मी तिला दवाखान्यात करंट द्यायला नेत होते. करंट लागला की बोटं वर यायची, बंद झाला की हात मेलेला. तिथली डॉक्टरीण ओरडायची, "मावशी, बघत बसू नका. करंटबरोबर तुम्हीपण उचला, तरच हात शिकेल."

सासूला धडकीच भरलेली. "करंट उचलतो गं, मी नाय. उद्या त्यानेपण नाय उचलला तर?" दिवसभर हेच. माझं डोकं उठायचं.

एका सकाळी बाजारात कावळ्याने माशांच्या टोपलीवर झडप घातली. "मेल्या!" सासू ओरडली आणि तिचं मनगट ताठ वर गेलं, पाचही बोटं उघडली. आम्ही दोघींनी बघितलं. तिने हात पुन्हा उचलायला पाहिलं, तर तो लोंबतच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यात मोठं पापलेट टोपलीच्या कडेला उघडं ठेवलं आणि वरच्या पत्र्याकडे डोळे लावून बसली. कावळ्याची इतकी वाट तिने नवऱ्याच्या दहाव्यालाही पाहिली नव्हती.