लाल साबणाने धुतलेला हात

लाल साबणाचा वास आला की नव्वदच्या आसपासचा भिवंडीचा सरकारी दवाखाना आठवतो. त्या दिवशी जवळच्या काल्हेरला बाबांच्या ट्रकखाली येऊन एक म्हातारे सायकलवाले वारले होते. अशा वेळी ड्रायव्हर पळून जायचे. मामाही म्हणाला, "भावजी, चार दिवस अकलोलीला राहा." बाबा म्हणाले, "पळालो तर प्यालेलाच ठरेन. मी न्हाय जायचा. माझं रगत तपासा." स्पिरिटने पुसलं तर दारूची तपासणी चुकेल म्हणून डॉक्टरांनी त्यांचा हात लाल साबणाने धुवायला लावला. आईसोबत मी दारात होते. बाबांनी बाहेर थांबलेल्या मयताच्या मुलाला आत बोलावलं, "समोर उभा राहून बघ." सुई टोचताना बाबांचा हात त्या मुलानेच धरून ठेवला. रक्तात दारू निघाली नाही. बाबांनी हे कधी कुणाला सांगितलं नाही. मी मात्र अजून सांगते, मी त्या ड्रायव्हरची मुलगी.